टॅपेट लावणं वेगळं, रॉकर जागेवर बसणं वेगळं

मामांच्या ॲम्बॅसिडरचं इंजिन काम झालं, गाडी पहिल्या सेल्फला लागली, टॅपेटचा आवाज नाहीसा झाला. आम्ही खूश. सहा-सात महिन्यांनी सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर दिसायला लागला. हेड उतरवलं तर गाइड, म्हणजे वॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळ्या, एकाच दिशेनं खाऊन लांबट झालेले, आणि वॉल्व्हच्या टोकावरचा रॉकरचा, म्हणजे वॉल्व्ह दाबणाऱ्या झुलत्या दांडीचा, डाग मधे नाही, पार कडेला. टॅपेट मात्र आठही बरोबर होते.

सोलापुरात मुळात टॅपेट हा शब्दच दोन घरचा. पॉवरलूमवर टॅपेट म्हणजे ताण्याचे धागे वर-खाली करणारा कॅम. गॅरेजमध्ये टॅपेट म्हणजे कॅमवर बसून पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी काडी) उचलणारा तुकडा, आणि ‘टॅपेट लावले’ म्हणजे रॉकर आणि वॉल्व्हच्या टोकामधला गॅप लावला. फिलर गेजची, म्हणजे गॅप मोजायची पातळ पात किंचित अडत सरकली की काम झालं. ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आठ वॉल्व्हचं, म्हणून नऊचा हिशेब चालतो: आठवा वॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा. लोखंड तापून वाढलं तरी वॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या टेकायच्या कडेवर, पूर्ण टेकावा, एवढ्यासाठी हा गॅप. तो फक्त वॉल्व्ह बंद असतानाची गोष्ट सांगतो.

रॉकरची बैठक कळते ती वॉल्व्ह उघडताना. रॉकर ज्या आडव्या दांड्यावर बसतो त्या शाफ्टभोवती गोल फिरतो, वॉल्व्ह सरळ रेषेत खाली जातो. म्हणजे रॉकर टोकावर थोडा घासणारच. हे घासणं कमीत कमी हवं असेल तर वॉल्व्ह अर्धा उघडलेला असताना शाफ्टच्या मध्यापासून टेकण्याच्या जागेपर्यंतची रेष वॉल्व्हच्या दांडीशी काटकोनात यायला हवी. शाफ्ट खाली राहिला किंवा टोक वर आलं, की घासण्याचा पट्टा रुंद होतो, दांडीवर आडवा दाब येतो आणि तो दाब गाइड सोसतो. गॅपची पात हे काहीच सांगत नाही.

आता लेथवर, म्हणजे हेडचं मशीनकाम होतं तिथे, काय घडतं ते बघा, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. सीट कापली, वॉल्व्ह घासला, की वॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो आणि त्याचं टोक तेवढंच वर येतं. बिघडते ती हीच बैठक. हेडला फेस मारला, म्हणजे त्याची खालची बाजू घासून सपाट केली, की मात्र वॉल्व्ह आणि शाफ्ट दोन्ही हेडवरच असल्यामुळे त्यांचं आपसातलं नातं बदलत नाही. पुशरॉड तेवढा लांब पडतो आणि ॲडजस्टिंग स्क्रू वर घ्यावा लागतो. आमच्याकडे सीट खोल गेल्या होत्या, आणि स्क्रू फिरवून गॅप जुळला म्हणून पुढे कुणी बघितलंच नाही. मीही नाही. शाफ्टवर बसणाऱ्या रॉकरचा स्क्रू कितीही फिरवा, शाफ्टची उंची बदलत नाही.

तपासणी सोपी आहे, पाचशे रुपयांचंही सामान लागत नाही. वॉल्व्हच्या टोकाला काळा मार्कर लावा, गॅप लावा, क्रँक हातानं दोन फेरे फिरवा. मग तो वॉल्व्ह बंद असताना स्क्रू ढिला करून रॉकर शाफ्टवरच बाजूला सरकवा. शाई पुसलेला पट्टा दिसतो. अरुंद आणि कडेपासून लांब असेल तर ठीक. रुंद असेल, कडेला चिकटला असेल, तर पुढे जाऊ नका. मामांच्या गाडीत पट्टा जवळपास अर्धं टोक व्यापून बसला होता.

त्याच वेळी रॉकरची टेकणारी बाजू नखानं चाचपा. तिथे खळगा पडला असेल तर सपाट पात खळग्याच्या दोन कडांवर टेकते, गॅप बरोबर वाटतो, प्रत्यक्षात तो खळग्याएवढा जास्त असतो. टॅपेट लावूनही टकटक थांबत नसेल तर मी आधी इथे बोट लावतो. असा रॉकर बदला किंवा घासून घ्या.

टोक वर आलं असेल तर पेडेस्टलखाली, म्हणजे शाफ्ट धरणाऱ्या खुंटाखाली, शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालून शाफ्ट तेवढाच उचलायचा. अर्धा मिलिमीटर वर आलं तर अर्ध्याची शिम, चारही पेडेस्टलखाली सारखी. एका पेडेस्टलमधून रॉकरला तेल चढतं. त्याच्याखालच्या शिमला भोक हवंच, नाहीतर शाफ्ट कोरडा पडेल. आणखी एक जपायचं: या इंजिनात पेडेस्टलचे काही नट हेडसुद्धा दाबून धरतात. ते सुटले की हेडखालच्या गॅस्केटचा दाब सुटतो. म्हणून हे सगळं नवी गॅस्केट लावण्याआधी, जुन्या दबलेल्या गॅस्केटवर करून बघायचं. आमच्या हेडला अर्ध्याच्या चार शिम लागल्या, गाइड नवे घातले, आणि मार्करचा पट्टा काडीएवढा उरला. टॅपेट त्यानंतर पुन्हा लावले.