दूषकसंपर्क (बडोदे परिसर)

दूषकसंपर्क म्हणजे हवा, पाणी, माती किंवा अन्न यांतले अपायकारक द्रव्य माणसाच्या शरीरात पोहोचणे. विषारी द्रव्य जवळपास आहे एवढ्यानेच कोणी आजारी पडत नाही. ते बाहेर पडावे लागते, वाहत यावे लागते आणि श्वास, तोंड किंवा त्वचा यांपैकी एका वाटेने आत शिरावे लागते. ही वाट कुठेही अडवली तरी धोका टळतो.

बडोद्याजवळ कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. पुढे खते, पेट्रोरसायने आणि नंदेसरीची रासायनिक वसाहत आली, आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतली मुलेही तिकडे नोकरीला लागली. या पट्ट्यातले सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किमी. लांबीच्या कालव्याने मही नदीच्या मुखाशी नेऊन सोडतात. शहराची घाण गेली, पण कालव्याकाठी पाण्याची टंचाई असलेल्या शेतकऱ्यांनी तेच पाणी पिकांना दिले. शिसे, कॅडमियम असे धातू मातीत साठत जातात आणि पालेभाज्यांत उतरतात. कारखान्याचा पगार ज्यांच्या घरात कधी आला नाही, त्यांच्या वाट्याला त्याचे पाणी यावे, हा उघड अन्याय आहे.

रंग आणि कातडी कमावण्याच्या रसायनांच्या उत्पादनातून येणारे षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियम धातूचे जास्त घातक रूप) हे वाट बदलली की धोका कसा बदलतो याचे चांगले उदाहरण. गिळले गेले तर जठरातले आम्ल त्याचा बराच भाग कमी घातक रूपात बदलते. धूळ होऊन श्वासात गेले तर मात्र नाकाचा पडदा झिजून त्याला भोक पडते, आणि वर्षानुवर्षांच्या संपर्काने फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. कामगाराच्या कपड्यांवर बसून ही धूळ घरी येते. ते कपडे झटकून धुणाऱ्या बाईच्या आणि जमिनीवर रांगणाऱ्या बाळाच्या शरीरातही जाते. बाळ वजनाच्या मानाने जास्त हवा घेते आणि हात सारखा तोंडात घालते.

बेंझिन या पेट्रोलातल्या द्रव्याने अस्थिमज्जा (हाडांतला मगज) बिघडून रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. भारतात हवेतली त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आणि नाकाला वास येतो तो याच्या कितीतरी पट पातळीवर. वास येत नाही म्हणून हवा चांगली, हा समज घातक आहे.

शहराला महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचे (वाळूतून झिरपलेले पाणी आडव्या नळ्यांनी गोळा करणाऱ्या विहिरींचे) आणि सयाजीरावांच्या काळातल्या आजवा सरोवराचे पाणी मिळते. औद्योगिक पट्ट्यातल्या गावांत बोअरचा आधार असतो. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पाण्यावर पिवळी झाक दिसेपर्यंत ती केव्हाच ओलांडलेली असते. उकळून क्रोमियम जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणाऱ्या पेनासारख्या उपकरणालाही ते वेगळे ओळखता येत नाही. बोअरचे पाणी तपासायला देताना क्रोमियमची चाचणी नाव घेऊन मागावी लागते.