भूल देणारी परिचारिका: एका व्यवसायाची पार्श्वभूमी

मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उभे राहिले आणि त्याच्या आधाराने या भागात परिचारिकांच्या शिक्षणाची परंपरा रुजली. आज सांगली-मिरजेत नर्सिंग शिकणाऱ्या ज्या मुलींना अमेरिकेतील ‘नर्स ॲनेस्थेटिस्ट’, म्हणजे शस्त्रक्रियेवेळी भूल देणारी परिचारिका, या पदाची ओढ वाटते, त्यांनी ते पद तिकडे कसे घडले आणि आपल्याकडे का घडले नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी ईथर या द्रवाच्या वाफेने भूल देण्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. पुढच्याच वर्षी ईथर कोलकात्यात पोहोचले. मात्र त्यानंतर कित्येक वर्षे अमेरिकेत भूल देण्याचे काम हाताशी असेल त्या शिकाऊ डॉक्टरवर सोपवले जाई. त्याचे डोळे शस्त्रक्रियेकडे लागलेले असत आणि रुग्णाकडे दुर्लक्ष झाल्याने जीव जात. म्हणून काही सर्जननी हे काम परिचारिकांवर सोपवले. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथे सिस्टर मेरी बर्नार्ड १८७७ मध्ये भूल देऊ लागल्या. मिनेसोटात मेयो या सर्जन बंधूंकडे काम करणाऱ्या परिचारिका ॲलिस मॅगॉ तारेच्या जाळीवर ताणलेल्या कापडावर थेंब थेंब ईथर सोडत, रुग्णाशी धीराचे बोलत आणि त्याचा श्वास, ओठांचा रंग व डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून नजर हटू देत नसत. भुलेमुळे एकही मृत्यू न झालेल्या १४,००० हून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा त्यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केला. माझ्या मते या व्यवसायाचा खरा पाया तोच आहे.

डॉक्टरांचा विरोध अर्थातच झाला. तो वाद कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सर्जनच्या देखरेखीखाली परिचारिकेने भूल देणे म्हणजे बेकायदा डॉक्टरी नव्हे, असा निकाल १९३६ मध्ये लागला.

भारताने मात्र ब्रिटिश वळण घेतले. ब्रिटनमध्ये भूल देण्यात निष्णात असलेले डॉक्टर जॉन स्नो यांच्यापासून भूल हे डॉक्टरचेच काम राहिले, त्यामुळे आपल्याकडेही भूलतज्ज्ञ म्हणजे भूलशास्त्रात एमडी किंवा डीए (पदविका) झालेला डॉक्टर. ग्रामीण भागात सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ मिळेनात, तेव्हाही शासनाने एमबीबीएस डॉक्टरांनाच १८ आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. परिचारिकांचा विचार झाला नाही. ऑपरेशन थिएटरमधील सिस्टर लॅरिंगोस्कोपचा (घशात पाहण्याच्या उपकरणाचा) दिवा तपासते, सक्शन (घशातील स्राव ओढून घेणारे यंत्र) सुरू आहे ना ते पाहते, औषधे भरून सिरिंजवर नावे चिकटवते. वर्षानुवर्षांच्या या जाणकारीला आपल्याकडे बढतीची स्वतंत्र वाट नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

अमेरिकेत या पदासाठी तेथील नर्सिंगचा परवाना, अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा अनुभव आणि त्यानंतर साधारण तीन वर्षांचा डॉक्टरेट अभ्यासक्रम लागतो. एवढे करून मिरजेला परतलेल्या परिचारिकेला त्या पदवीच्या बळावर येथे स्वतंत्रपणे भूल देता येत नाही.