वॉल्टर ब्रेनन : कवळी आणि तीन ऑस्कर

सहायक अभिनेत्याचं ऑस्कर तीनदा पटकावणारा नट आजवर एकच, वॉल्टर ब्रेनन. ‘कम अँड गेट इट’ (१९३६), ‘केंटकी’ (१९३८) आणि ‘द वेस्टर्नर’ (१९४०).

जन्म १८९४चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लिनचा. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये तोफखान्यात होता. पुढे लॉस एंजेलिसमध्ये जमिनीच्या धंद्यात हात पोळले आणि १९२५च्या सुमारास पोटासाठी एक्स्ट्राचं काम धरलं. गर्दीत उभं राहा, घोड्यावरून पडा, मिळेल ते. १९३२मध्ये अपघातात बरेचसे दात गेले आणि कवळी आली.

ही कवळीच त्याचं भांडवल ठरली. ती काढली की ओठ आत वळतात, गाल बसतात, हनुवटी नाकाकडे सरकते. चाळिशीचा माणूस सत्तरीचा दिसतो. रंगवलेल्या सुरकुत्या क्लोज-अपमध्ये उघड्या पडतात, बोळकं पडत नाही. तोटा उच्चारांचा. ‘स’, ‘फ’ निसटतात, त्यामुळे भारदस्त म्हाताऱ्याला हे चालत नाही. किरकिऱ्या, बडबड्याला मात्र शोभतं, आणि ब्रेननचा चिरका आवाज नेमका त्याच जातीचा. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगत की पहिल्याच भेटीत ब्रेनननं विचारलं होतं, दातांसह की दातांविना? ‘बार्बरी कोस्ट’मधली (१९३५) त्याची किरकोळ भूमिका मग वाढत गेली.

सहायक अभिनयाचा विभागच मार्च १९३७च्या समारंभापासून सुरू झाला, त्यामुळे पहिला मान ब्रेननचा. तेव्हा या विभागात पुतळा नव्हे, पट्टिका मिळे. त्याच काळात एक्स्ट्रांनाही मत होतं आणि ब्रेनन त्यांचा आपला माणूस. हा हक्क पुढे काढून घेतला गेला. ‘केंटकी’चं यश बहुधा त्या मतांचंच, ‘द वेस्टर्नर’चं मात्र निखळ अभिनयाचं. त्यातला न्यायाधीश रॉय बीन फासावर चढवायला कचरत नाही आणि नटी लिली लँगट्रीच्या नावानं विरघळतो. समोर गॅरी कूपर असूनही नजर ब्रेननवरच राहते. ‘सार्जंट यॉर्क’साठी (१९४१) चौथं नामांकन मिळालं, पण ते ऑस्कर डोनाल्ड क्रिस्पकडे गेलं.

‘रेड रिव्हर’मध्ये (१९४८) तर हॉक्सनी कवळीलाच भूमिका दिली. ब्रेननचा ग्रूट ती पोकरमध्ये हरतो आणि जेवणापुरती जिंकणाऱ्याकडून मागून घेतो. ‘रिओ ब्राव्हो’तला (१९५९) लंगडा, कुरकुरणारा तुरुंगरक्षक हा त्याच साच्यातला. ‘द रिअल मॅकॉइज’ या टीव्ही मालिकेत (१९५७–६३) तो आजोबा झाला. तोवर वयानं भूमिकेला गाठलं होतं. १९७४मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डला त्याचं निधन झालं.