तुळस म्हणून पेरली, निघाला सब्जा

दोन वर्षांमागं परभणीच्या बाजारातून ‘तुळशीचं बी’ म्हणून एक पुडी आणली आणि मृगात पेरली. आठवड्यात रोपं वर आली, दोन महिन्यांत गुडघ्याएवढी होऊन फुललीसुद्धा. आत्यानं पान चुरगाळून नाकाशी धरलं. “तुळशीवानी दिसायली, पण वास निराळाच यायलाय.” तो सब्जा होता.

चिमूटभर बी आधी पाण्यात टाकून पाहिलं असतं तर फसलो नसतो. सब्जाचं बी काळं असतं आणि भिजलं की काही मिनिटांत त्याभोवती बुळबुळीत पांढुरका थर धरतं. फालुद्यात असतं तेच हे. तुळशीचं बी बारीक, तांबूस. ते एवढं फुगत नाही.

रोप मोठं झाल्यावर बोट फिरवून बघा. तुळशीच्या खोडावर बारीक लव असते, पानाची कड दातेरी. सब्जाचं पान गुळगुळीत, चकचकीत, कड बरीचशी सपाट, आणि वासाला बडीशेपेची झाक. रंगावर जाऊ नका. जांभळी ती कृष्णतुळस, हिरवी ती रामतुळस, म्हणून हिरवी दिसली की लोक सब्जालाच रामतुळस ठरवून मोकळे होतात.

खरा फरक मधमाश्यांच्या हिशेबात आहे. दोघांनाही तुरे येतात, दोघांवरही सातेरी आणि फुलोरी माश्या येतात. शिवाय पोटावर निळे पट्टे असलेली एक एकटी राहणारी माशी येते, ती फुलासमोर हवेतच थरथरत थांबते. पण वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो. खुडणं बरोबरच आहे. बी धरू दिलं की झाड फुटवा कमी करतं, लवकर म्हातारं होतं. माशीच्या वाट्याला मात्र काही उरत नाही. सब्जा असाही एका हंगामाचा पाहुणा. त्याची पांढरी फुलं तुळशीपेक्षा मोठी, भरघोस, आणि तुरे न खुडता ठेवले तरी कुणी नाव ठेवत नाही. वाळल्यावर बी झडतं आणि पुढच्या पावसात आपोआप उगवतं.

म्हणून मी आता दोन्ही लावतो, पण जागा वेगळ्या. सब्जा परसात, भोपळा-दोडक्याच्या मांडवाशेजारी. या वेलांवर नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं. मधमाशी फिरकली नाही तर मादीफुलामागचं इवलं फळ पिवळं पडून गळतं. तुळशीची दोन झाडं विहिरीच्या काठाला, त्यांच्या मंजिऱ्यांना हात लावायचा नाही असा घरात नेम.

बी दोन्हीचं वरच्यावर पेरायचं, खोल गाडलं तर उगवत नाही. तुळशीचं बी राखेत किंवा वाळूत कालवून फेकलं की एकाच जागी दाटी होत नाही. आपल्या काळ्या रानात पाणी साचलं की दोन्हींची मुळं कुजतात, तेव्हा वाफा थोडा उंच हवा. उन्हाळ्यात सब्जा संपलेलाच असतो. तुळशीला दुपारची सावली आणि सकाळी तांब्याभर पाणी दिलं की ती मे महिना काढते.

शेजारच्या रानात कापसावर फवारणी असेल तर ती संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर करायला सांगा. आमचा शेजारी आधी हसला. मग त्याच्याही दोडक्याला फळ धरायला लागलं, तेव्हा सब्जाचं बी मागायला आला.