चेनचा पुलर : घरगुती दुरुस्ती

कपडे, दप्तरे, पर्स, सॅक यांच्या चेनला (झिपला) ओढण्यासाठी जी छोटी पट्टी असते ती पुलर. ही पट्टी ज्या सरकत्या तुकड्याला अडकवलेली असते तो रनर. पुलर तुटणे हा चेनचा सर्वांत किरकोळ बिघाड. तरीही केवळ त्यापायी धडधाकट दप्तरे आणि जाकिटे अडगळीत पडतात. पट्टी गेली म्हणजे चेन गेली असे समजले जाते. प्रत्यक्षात कापडी पट्टे आणि दात बहुधा शाबूत असतात, आणि दुरुस्तीला घरातली दोरी पुरते.

कुठे काय तुटले हे आधी उजेडात नीट पाहावे. रनरच्या पाठीवर एक छोटी कमान असते, तिला येथे कडी म्हणू. पुलर या कडीत अडकलेला असतो. कडी शाबूत असून नुसती पट्टी तुटली असेल तर काम काही मिनिटांचे. कडी एका बाजूने उचलली गेली असेल, तर लांब नाकाच्या पकडीने ती हलके दाबून पुन्हा बसवता येते. कडीच मोडून पडली असेल तर मात्र रनर बदलणे हाच खरा उपाय. स्वस्त रनर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. हा धातू वाकण्यापेक्षा मोडतो, म्हणून पक्कड लावताना जोर थोडा आणि धीर जास्त हवा.

नव्या पुलरसाठी लोक हाताशी असेल ते वापरतात. जेम क्लिप आणि सेफ्टी पिन प्रवासात वेळ मारून नेतात, पण घरी आल्यावर त्या काढाव्यात. क्लिप वाकते व गंजून कपड्याला डाग पाडते. लहान मुलांच्या दप्तराला तर पिन कधीच ठेवू नये. किल्ल्यांची रिंग मजबूत असते. ती जाड बॅगेला शोभते, पण नाजूक चेनला जड होते आणि धुण्यात इतर कपड्यांवर घासते. सर्वांत चांगली ती बारीक नायलॉनची दोरी. दोरी दुहेरी करून तिचा फासा कडीतून घालायचा, दोन्ही मोकळी टोके त्या फाशातून ओवून ओढायची आणि शेवटी एक गाठ मारायची. टोके मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरली की वितळून बंद होतात व उसवत नाहीत. कडीचे भोक फार अरुंद असेल तर मासेमारीची तंगूस चालते. ती दोन-तीन फेरे घेऊन बांधावी आणि तिच्यात रुंद फीत ओवावी, नाहीतर बोटाला काचते.

हाताने केलेला पुलर मूळच्या पुलरपेक्षा सरस ठरू शकतो. संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाला नखाएवढी धातूची पट्टी चिमटीत धरणे जमत नाही. बोटभर लांबीची, गाठ मारलेली फीत तो सहज ओढतो. बालवाडीतल्या मुलाचेही तसेच. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एका कप्प्याच्या दोरीला एक गाठ, दुसऱ्याच्या दोरीला दोन असे केले की कप्पे स्पर्शाने ओळखता येतात. अशा घरांत पुलर तुटण्याची वाट पाहू नये, आधीच फीत बांधावी.

जीन्स व पँटच्या चेनचे प्रकरण थोडे वेगळे आहे. तिच्या रनरमध्ये स्प्रिंगचे छोटे कुलूप असते. पुलर खाली पाडला की बारीक खिळी दातांत रुतते आणि चेन उघडत नाही; पुलर उचलला की खिळी सुटते. पट्टी तुटल्यावर रनर जागचा हलत नाही तो यामुळे. तो जबरदस्तीने ओढला तर दात उखडतात. कडीखालून मजबूत दोरा घालून वरच्या दिशेने ओढल्यास काही रनरांचे कुलूप सुटते. न सुटल्यास नवा रनर घालावा. याउलट स्प्रिंग थकल्यामुळे चेन आपोआप उतरत असेल, तर पुलरच्या भोकात छोटी रिंग घालून ती पँटच्या बटणात अडकवतात. वर बटण लावले की रिंग झाकली जाते.

रनरचे काम त्याच्या आकारात आहे. आतली वाट बेचकीसारखी असते : पुढे दोन तोंडे, मागे एक, आणि मध्ये पाचर. पुढे जाताना दोन्ही बाजूंचे दात ठरावीक कोनात एकत्र दाबले जातात. मागे येताना पाचर त्यांना वेगळे करते. आज दिसणारी ही रचना स्वीडनहून अमेरिकेत गेलेले अभियंते गिडिऑन सुंडबॅक यांची. तिचे पेटंट 1917 चे आहे. त्याआधी 1893 मध्ये व्हिटकम जडसन यांनी बुटांसाठी आकड्यांची सरकती बंदयोजना पेटंट केली होती. सुंडबॅक यांनी आकडे काढून एकसारखे दात आणले. प्रत्येक दाताला एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला खळगा. सगळे दात सारखे असल्यामुळेच एका चेनचा रनर त्याच मापाच्या व त्याच जातीच्या दुसऱ्या चेनला चालतो, आणि घरगुती दुरुस्ती शक्य होते.

जात आणि माप मात्र नेमके जुळायला हवे. धातूचे दात, ओतीव प्लॅस्टिकचे दात आणि नायलॉनच्या वेटोळ्याची चेन अशा तीन मुख्य जाती आहेत. त्यांच्या रनरांची आतली वाट वेगळी असते. माप सहसा रनरच्या मागच्या बाजूला आकड्यात लिहिलेले असते : 3, 5, 8, 10. बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण तितकेच मिलिमीटर भरते. ड्रेस व उशीच्या अभ्र्याला बहुधा 3, जाकीट व दप्तराला 5, मोठ्या प्रवासी बॅगेला 8 किंवा 10. पुष्कळ पुलरांवर दिसणारी ‘वायकेके’ ही अक्षरे 1934 साली स्थापन झालेल्या जपानी उत्पादकाची आहेत, मापाशी त्यांचा संबंध नाही. शिवणसाहित्याच्या दुकानात जाताना जुना रनर सोबत नेणे उत्तम; तो निघत नसेल तर मोबाइलवर त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढावा.

रनर बदलताना चेनच्या एका टोकाची शिवण थोडी उसवतात किंवा टोकाचा धातूचा अडसर पकडीने काढतात. जाकिटाची चेन पूर्ण वेगळी होते, म्हणून तिथे वरचा अडसर काढून रनर वरूनच बदलता येतो. दप्तराची दोन्ही टोके शिवणीत दडलेली असतात. तिथे खालचे टोक मोकळे करून दोन्ही पट्टे रनरच्या दोन तोंडांत समान पातळीवर सरकवावे लागतात. जेवणाच्या काट्याच्या दातांत रनर अडकवून काटा उभा धरला की हात मोकळे राहतात आणि हे काम खूप सोपे होते. एक पट्टा दोन दात पुढे गेला तरी चेनला फुगवटा येतो. तसे झाले तर रनर काढून पुन्हा घालावा. शेवटी टोकाला जाड दोऱ्याचे सात-आठ टाके एकावर एक घेतले की नवा अडसर तयार होतो.

रनर सरकतो पण मागे चेन उघडीच राहते, तेव्हा दोष पुलरचा नसतो. वापराने रनरच्या कडा फाकलेल्या असतात. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्यांच्या सॅक आणि तंबूंना हा त्रास लवकर होतो, कारण चिखलातली रेती रनर आतून झिजवते. मागच्या टोकाच्या दोन्ही कडा पकडीने आळीपाळीने किंचित दाबाव्यात आणि प्रत्येक वेळी चेन लावून पाहावी. ट्रेकहून आल्यावर चेन जुन्या टूथब्रशने साध्या पाण्यात घासून वाळवणे हे रनर वाचवण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. किनारपट्टीवर खारट हवेने धातूची चेन आवळते. तिच्या दातांवर मेणबत्तीचे मेण किंवा पेन्सिलीचे शिसे फिरवावे. खोबरेल तेल टाळावे, त्यावर धूळ चिकटते आणि कापडाला डाग पडतो.

कापडी पट्टा फाटला असेल किंवा मधले दात निखळले असतील तर घरगुती उपाय टिकत नाही. टेलरकडून किंवा बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून पूर्ण चेन बदलून घ्यावी. टाकून द्यायच्या बॅगेतले चांगले रनर आणि पुलर मात्र आधी काढून माप लिहिलेल्या पुडीत ठेवावेत. पुढच्या दुरुस्तीला तेच कामी येतात.