कार्गो पायलटचं रोजचं आयुष्य आणि लेओव्हर

कार्गो पायलट म्हणजे प्रवासी न घेता फक्त माल नेणारं विमान, म्हणजे फ्रेटर, चालवणारा वैमानिक. लायसन्स तेच, ठराविक महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये घाम काढणारी तपासणी तीच, पण दिनक्रम बघितला तर प्रवासी एअरलाइनवाल्याशी फारसं साम्य उरत नाही. कारण साधं आहे, माणसं शक्यतो दिवसा प्रवास करतात आणि पार्सल रात्री. संध्याकाळी उचललेलं पाकीट दुसऱ्या दिवशी सकाळी हजार किलोमीटरवर कुणाच्या तरी टेबलावर हवं असेल तर मधली अख्खी रात्र कुणीतरी जागून काढायला लागते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं निवांत नोकरी आहे, मागे कुरकुर करणारे प्रवासी नाहीत, घोषणा नाहीत, कुणाला उलटी होत नाही. ते सगळं खरंय, फक्त या नोकरीत उडवण्यापेक्षा झोपायचं कसब जास्त लागतं, आणि लेओव्हर म्हणजे दोन फ्लाइटच्या मधला परगावचा मुक्काम हा फिरण्यापेक्षा त्या झोपेसाठीच खर्ची पडतो.

सगळे कार्गो पायलट एकाच प्रकारचे नसतात. फेडेक्स, यूपीएस, डीएचएल या घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या कंपन्या, त्यांचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं. लक्झेंबर्गची कार्गोलक्स (स्थापना 1970) किंवा तत्सम कंपन्या जड आणि आडमाप माल नेतात, ऑइल रिगचे भाग, विमानाची इंजिनं, शर्यतीचे घोडे वगैरे. आणि तिसरा प्रकार अ‍ॅटलास, कलिटा यांसारख्यांचा, जे विमान आणि पायलट दोन्ही दुसऱ्यांना भाड्यानं देतात, तिथे महिन्याला साधारण दोन-अडीच आठवडे सलग बाहेर आणि मग उरलेले दिवस सलग घरी असा हिशोब असतो, आज बेल्जियममधलं लीज शहर, उद्या शारजा, परवा कुठे ते कंपनीच्या ईमेलवर कळेल.

हबची रात्र

फेडेक्सनं 17 एप्रिल 1973 ला अमेरिकेतल्या मेम्फिसहून 14 छोट्या फाल्कन जेटवर 25 शहरांसाठी सेवा सुरू केली, पहिल्या रात्री पाकिटं किती तर 186. आयडिया अशी की सगळ्या शहरांतून विमानं मध्यरात्रीच्या सुमारास एकाच ठिकाणी उतरवायची, माल खाली काढून गावानुसार वेगळा करायचा आणि पहाटे विमानं परत पाठवायची. यूपीएसचं असंच हब लुईव्हिलला आहे, डीएचएलचं युरोपातलं 2008 पासून लाइपझिगला. आणि हे डोकं फक्त अमेरिकेचं असं समजायचं कारण नाही, आपल्या नागपुरात 1949 पासूनच रात्रीची टपाल विमानं चालायची, दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या शहरात परत. म्हणजे मेम्फिसच्या चोवीस वर्षं आधी. आपल्याकडे याची आठवण फार कुणाला नाहीये ही गोष्ट वेगळी.

तर हबवाल्या पायलटची रात्र अशी जाते. रात्री आठ-नऊला ड्युटी सुरू, अकरा ते एकच्या दरम्यान हबला उतरायचं, मग दोन-तीन तास खाली माल वेगळा होणार, त्याला सगळे सॉर्ट म्हणतात, आणि तीन-चारच्या सुमारास पुन्हा उड्डाण. या मधल्या तासांसाठी कंपन्यांनी छोट्या अंधाऱ्या खोल्या ठेवलेल्या असतात, तिथे बूट काढून, युनिफॉर्म चुरगळू न देता तास-दीड तास डोळा लावायचा. नवखे पायलट त्या वेळात कँटीनमध्ये गप्पा मारत बसतात आणि पहाटे साडेपाचला लँडिंगच्या वेळी त्यांना कळतं की म्हातारे कॅप्टन खोलीत का पळाले होते. मध्यरात्री दोन ते सकाळी सहा हा शरीराचा सगळ्यात मंद काळ, आणि कामाचा सगळ्यात नाजूक भाग नेमका त्यातच येतो.

विमानाजवळ पोचल्यावरचं कामही जरा वेगळं. टर्मिनल नाही, एअरोब्रिज नाही, कुठल्यातरी लांबच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, व्हॅन सोडते आणि शिडीनं वर चढायचं. माल चढवून घेणारा लोडमास्टर कागद आणतो, कुठल्या जागेवर कुठला पॅलेट (ज्यावर माल रचून बांधतात तो सपाट पाट), वजन किती, आणि त्याबरोबर नोटॉक, म्हणजे धोकादायक मालाची यादी, कॅप्टनने बघून सही करायची. मोठा पॅलेट साधारण 318 बाय 244 सेंटिमीटरचा, त्यावर पावणेसात टनापर्यंत माल बसतो, आणि बोइंगचं 747-400 फ्रेटर असं सगळं मिळून सुमारे 110 टन उचलतं. माल चढवायचा क्रम चुकला तर रिकाम्या नाकाचं विमान मागे शेपटीवर बसू शकतं, म्हणून शेपटीखाली टेकू लावलेला असतो. मग जाळ्या आणि कुलपं बघायची, ही बघणी उगाच नाही, 29 एप्रिल 2013 ला अफगाणिस्तानातल्या बगराममध्ये एका 747 मधली चिलखती लष्करी गाडी टेकऑफच्या वेळी सुटून मागे सरकली, मागची यंत्रणा तोडली आणि विमानातले सातही जण गेले.

माल काय आहे ते बऱ्याचदा वासावरून कळतं. मासे, फुलं, एक दिवसाची कोंबडीची पिल्लं (ती आवाजावरून पण कळतात). घोडे असले की सोबत त्यांची देखभाल करणारी माणसं येतात, चढताना-उतरताना कोन हलका ठेवायचा आणि ब्रेक जपून मारायचे, कारण घोडा घाबरून उधळला तर हवेत त्याला आवरणं सोपं नाही. केबिन क्रू नसल्यामुळे जेवण आपणच ओव्हनमध्ये गरम करायचं, कॉफी आपणच करायची, आणि लांबच्या फ्लाइटला तीन किंवा चार पायलट असतात ते कॉकपिटमागच्या बंकमध्ये आळीपाळीनं झोपतात.

लेओव्हर

सकाळी सातला पायलट हॉटेलच्या लॉबीत शिरतो तेव्हा बाकीचे पाहुणे नाश्त्याला उतरत असतात. त्याचं ते रात्रीचं जेवण. मग खोलीत गेल्यावर जो कार्यक्रम चालतो तो कुठल्याही कार्गोवाल्याला विचारा, सारखाच निघेल. पडद्यांच्या मधली फट कपाटातल्या पँटच्या हँगरच्या चिमट्यांनी बंद करायची, दाराखाली टॉवेल सरकवायचा, टीव्हीच्या लाल दिव्यावर काहीतरी चिकटवायचं, खोलीतला फोन काढून ठेवायचा, एसी शक्य तितका थंड आणि दाराला त्रास देऊ नका ही पाटी. लिफ्टजवळची आणि बर्फाच्या मशीनजवळची खोली चेक-इनलाच नाकारायची. एवढं करून अकरा वाजता शेजारच्या खोलीत व्हॅक्यूम क्लिनर सुरू होतोच. चार-पाच तास झोप लागली तर नशीब, मग दुपारी जिम किंवा चक्कर, संध्याकाळी परत दीड-दोन तास डोळा आणि नऊला खाली व्हॅन.

प्रवासी एअरलाइनचा लेओव्हर म्हणजे दहा-पंधरा जणांचा ग्रुप, कुणी ना कुणी जेवायला सोबत मिळतं. इथे बऱ्याचदा दोघंच. त्यातला एक झोपला की दुसऱ्यानं नूडल्स एकट्यानंच खायचे. पुस्तकं वाचणारे, गिटार घेऊन फिरणारे, ऑनलाइन डिग्री करणारे, सायकल घडी घालून सोबत नेणारे असे नमुने या धंद्यात जास्त सापडतात ते यामुळेच असावं. आणि शहरं बघायला मिळतात हे अर्धंच खरं, कारण मालाची विमानं जिथे जातात ती लाइपझिग, लीज, कोलोन, लुईव्हिल ही काही पोस्टकार्डवरची नावं नाहीत. अर्थात हाँगकाँग किंवा ओसाकाला दोन दिवसांचा मुक्काम पडला की सगळी कसर भरून निघते.

या सगळ्यात अँकरेजचं स्थान वेगळंच आहे. अलास्कातलं हे गाव नकाशावर कोपऱ्यात दिसतं, पण पृथ्वीगोलावर आशिया आणि अमेरिकेच्या मधोमध येतं. हाँगकाँगहून शिकागो थेट साडेबारा हजार किलोमीटर, तेवढं इंधन भरलं तर माल कमी न्यावा लागतो, त्यापेक्षा साधारण आठ हजार किलोमीटरवर अँकरेजला उतरा, इंधन भरा, ताजा क्रू चढवा आणि पुढचे साडेचार हजार जा. कार्गोला थांबा चालतो, पॅलेट कंटाळत नाही. औद्योगिक जगाचा 90 टक्के भाग आपल्यापासून साडेनऊ तासांच्या आत आहे असं विमानतळवाले स्वतःच मिरवून सांगतात. त्यामुळे जगभरच्या कार्गो पायलटांचा कधी ना कधी तिथे मुक्काम पडतोच. जूनमध्ये 19 तासांहून जास्त उजेड, पडदे हरतात. डिसेंबरमध्ये साडेपाच तास, म्हणजे झोपून उठेपर्यंत दिवस संपलेला. किनाऱ्याकाठच्या सायकल ट्रॅकवर मूस, म्हणजे तिकडचं अवाढव्य हरीण, समोर येऊन उभा राहतो आणि तो बाजूला होईपर्यंत थांबणं एवढाच पर्याय असतो, घंटी वाजवून उपयोग नाही. विमानतळाला लागूनच लेक हूड हा पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ आहे, दमलेले 747 चे कॅप्टन सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन दुसऱ्यांची छोटी विमानं बघत बसतात, या लोकांचं काही खरं नाही.

कोविडच्या काळात लेओव्हरचा अर्थच बदलला. प्रवासी विमानं जमिनीवर, मास्क आणि लसी नेणारी मालवाहू विमानं मात्र चोवीस तास, आणि पायलट हॉटेलच्या खोलीत अक्षरशः बंद, दाराबाहेर जेवणाचा डबा ठेवून जाणारा माणूससुद्धा दिसायचा नाही. हाँगकाँगचे नियम इतके कडक होते की तिथल्या पायलटांना आठवडेच्या आठवडे घरी न जाता उड्डाण-हॉटेल-उड्डाण असं फिरावं लागलं, आणि फेडेक्सनं 2021 मध्ये तिथला आपला पायलट बेसच बंद करून टाकला.

थकवा आणि नियम

12 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं प्रवासी विमान पडून 50 जण गेले, त्यानंतर पायलटांच्या विश्रांतीचे नियम नव्यानं लिहिले गेले आणि जानेवारी 2014 पासून लागू झाले. किती वाजता ड्युटी सुरू होते त्यावर ड्युटीचे तास ठरणार, रात्री सुरू झाली तर 9 तास, सकाळी असेल तर 14 पर्यंत, आणि आधी किमान 10 तास विश्रांती. उत्तम. फक्त यातून कार्गोला वगळलं, कारण खर्च परवडत नाही असा हिशोब मांडला गेला. म्हणजे जो माणूस रोजच रात्री उडतो त्यालाच रात्रीचा नियम नाही, तिथे जुनेच नियम, ज्यात ड्युटी 16 तासांपर्यंत ताणता येते. व्यवहारात मोठ्या कंपन्यांचे युनियनशी करार याहून बरे असतात हे मान्य, पण कायदा तो कायदा. यूपीएसच्या पायलट संघटनेनं कोर्टात धाव घेतली आणि 2016 मध्ये ती केस हरली.

मधल्या काळात, नियम लागू व्हायच्या आधीच, 14 ऑगस्ट 2013 ला पहाटे यूपीएसचं एअरबस ए300 विमान अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम, अलाबामा इथे धावपट्टीच्या आधीच जमिनीला टेकलं आणि दोन्ही पायलट गेले. तपासात चूक अप्रोचच्या, म्हणजे धावपट्टीकडे खाली येण्याच्या, तयारीत आणि उंचीकडे लक्ष न राहण्यात निघाली, थकव्याचाही वाटा नोंदवला गेला. ब्लॅक बॉक्समध्ये दोघांचं त्याच रात्रीचं बोलणं आहे, विश्रांतीच्या नियमात कार्गोला वेगळं का काढलं यावरचं.

दुसरी भीती आगीची. मोठ्या फ्रेटरच्या मुख्य डेकवर, म्हणजे माल ठेवायच्या वरच्या मजल्यावर, आग विझवणारा वायू सोडायची सोय सहसा नसते, केबिनमधला हवेचा दाब काढून टाकायचा, ऑक्सिजन मास्क लावायचा आणि आगीला हवा कमी पडू द्यायची, हीच पद्धत. 3 सप्टेंबर 2010 ला दुबईहून कोलोनला निघालेल्या यूपीएसच्या 747 मध्ये लिथियम बॅटऱ्यांच्या मालाजवळ आग लागली, कॉकपिट धुरानं इतकं भरलं की समोरची उपकरणं दिसेनात, आणि परत फिरलेलं विमान दुबईजवळच कोसळलं. त्यानंतर आग सहन करणारे कंटेनर आणि पूर्ण चेहऱ्याचे मास्क आले. नोटॉकवर सही करताना बॅटरी हा शब्द दिसला की आजही पायलट तो कागद दोनदा वाचतो.

भारतात

आपल्याकडे हा धंदा लहानच राहिलाय, कारण बराचसा माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो. ब्लू डार्ट एव्हिएशन 1996 पासून उडते, मुख्यालय चेन्नई, बोइंग 757 फ्रेटर, मुंबई-दिल्ली-बेंगळुरू-कोलकाता अशी रात्रीची साखळी, म्हणजे मेम्फिसच्या पायलटला ओळखीचं वाटेल असंच वेळापत्रक. इंडिगोनं 2022 मध्ये प्रवासी एअरबस ए321 चं मालवाहू विमान करून घेतलं. मध्ये एअर डेक्कनवाल्या कॅप्टन गोपीनाथांनी डेक्कन 360 नावानं नागपूरला हब धरून मालवाहतूक सुरू केली होती, कागदावर गणित बरोबर होतं, देशाचा मध्य, रात्री मोकळी धावपट्टी, जुन्या टपाल विमानांचाच हिशोब. 2009 मध्ये सुरू झालेली ती सेवा 2011 मध्ये बंद पडली. त्यामुळे या कामात शिरू पाहणारा मराठी पोरगा बहुतेक वेळा आधी प्रवासी विमानांवर तास जमवतो आणि मग आखातातल्या किंवा युरोपातल्या एखाद्या मालवाहू कंपनीत अर्ज टाकतो, घरचे विचारतात की चांगली प्रवासी एअरलाइन सोडून खोकी काय वाहतोस, आणि तो त्यांना महिन्याचे सलग सुट्टीचे दिवस मोजून दाखवतो.