वायकिंगांचा पूर्वमार्ग

वायकिंगांचा पूर्वमार्ग : इ. स. आठव्या ते अकराव्या शतकांत स्कँडिनेव्हियातील, मुख्यतः आजच्या स्वीडनमधील, लोकांनी नद्यांमार्गे काळा समुद्र व कॅस्पियन समुद्रापर्यंत चालवलेला व्यापार. ७९३ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्नच्या मठावर पडलेल्या धाडीमुळे वायकिंग म्हणजे पश्चिम युरोपचे लुटारू, अशी ओळख रूढ झाली. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. त्या धाडींच्या हकिकती झळ सोसलेल्या मठवासीयांनी लिहिल्या. पूर्वेकडच्या व्यवहाराचा पुरावा मात्र बराचसा जमिनीतून उकरावा लागला.

फिनलंडच्या आखातातून नेवा नदीने लादोगा सरोवरात शिरले, की स्ताराया लादोगा ही सु. ७५० मध्ये वसलेली पेठ लागे. पुढे दोन वाटा होत्या. व्होल्गा नदीची वाट व्होल्गाकाठच्या बुल्गार लोकांच्या बाजारात आणि तेथून खझारांच्या (राज्यकर्त्यांनी ज्यू धर्म स्वीकारलेल्या तुर्की लोकांच्या) मुलखातून कॅस्पियनकडे जाई. नीपर नदीची वाट कीव्हवरून बायझंटिन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपलला (आजचे इस्तंबूल) जाई. दोन नद्यांमधला कोरडा पट्टा होड्या ओढत किंवा खांद्यावर घेऊन पार करावा लागे. या मार्गांवरील व्यापारी-योद्ध्यांना ‘रूस’ म्हणत. रशियाचे नाव त्यावरूनच आले.

ही सारी उठाठेव चांदीसाठी होती. स्कँडिनेव्हियात त्या काळी चांदीच्या खाणी नव्हत्या. बगदादच्या खिलाफतीत आणि नंतर मध्य आशियातील सामानी राज्यात दिरहॅम ही चांदीची नाणी विपुल पाडली जात. वायकिंगांना नाण्यावरच्या मजकुराशी देणेघेणे नव्हते. ते चांदी वजनावर घेत, गरज पडल्यास नाण्याचे तुकडे करत; म्हणूनच व्यापाऱ्यांच्या थडग्यांत घडीचे छोटे तराजू सापडतात. बाल्टिक समुद्रातील गॉटलंड बेटावर स्पिलिंग्ज येथे १९९९ मध्ये सुमारे ६७ किलो चांदी मिळाली. त्यात १४ हजारांहून अधिक नाणी होती, बहुतेक इस्लामी. त्यांतले एक खझारांनी पाडलेले नाणे वेगळेच आहे : त्यावर अरबी लिपीत ‘मोझेस हा देवाचा प्रेषित’ असे कोरले आहे.

या चांदीच्या बदल्यात फर, मध, मेण, तलवारी आणि माणसे विकली जात. ‘धाडसी दर्यावर्दी’ म्हणून कौतुक करताना गुलामांच्या या व्यापाराकडे सहसा काणाडोळा होतो. दहाव्या शतकातील बायझंटिन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने नीपरच्या द्रुतवाहांचे वर्णन केले आहे. सर्वांत अवघड टप्प्यावर रूस लोक होड्या पाण्याबाहेर काढत आणि साखळदंडातील गुलामांना सहा मैल काठाने चालवत नेत. खलिफाच्या शिष्टमंडळाबरोबर ९२२ मध्ये व्होल्गाकाठी आलेल्या इब्न फदलान या अरब प्रवाशाने रूसांच्या खजुराच्या झाडासारख्या उंच देहयष्टीची वाखाणणी केली, पण त्यांच्या अस्वच्छतेची किळसही नोंदवली. सरदाराच्या अंत्यविधीत एका दासीला मारून त्याच्यासोबत नौकेत जाळल्याचे त्याने प्रत्यक्ष पाहिले.

रूसांचे कॉन्स्टँटिनोपलशी संबंध ८६० च्या हल्ल्यापासून चाकरीपर्यंत पोहोचले. ९८८ च्या सुमारास बायझंटिन सम्राट दुसऱ्या बेसिलच्या मदतीला आलेल्या सैनिकांतून सम्राटांचे ‘व्हरांजियन’ अंगरक्षक दल उभे राहिले. पुढे नॉर्वेचा राजा झालेला हाराल्ड हार्ड्राडा याच दलात होता. तेथील हागिया सोफिया या चर्चच्या सज्जातील कठड्यावर हाल्फदान नावाच्या कोणा माणसाने रून या जुन्या स्कँडिनेव्हियन लिपीत नाव खरडले आहे. ऐतिहासिक वास्तूंवर नावे कोरण्याची खोड तशी जुनीच.

दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिरहॅमचा ओघ आटला आणि बाल्टिक बाजारात जर्मन व इंग्लिश नाणी दिसू लागली. १०४० च्या सुमारास इंग्वार या स्वीडिश सरदाराच्या नेतृत्वाखाली पूर्वेकडे गेलेली मोठी मोहीमही फसली. तीत मेलेल्यांची नावे सांगणारे सुमारे पंचवीस स्मृतिशिलालेख स्वीडनमध्ये आहेत.

भारतीय उपखंडाशी या मार्गाचा धागा जुळतो तो वस्तूंमधून. स्वीडनमधील मेलारेन सरोवरातील हेल्ग्यो बेटावर १९५० च्या दशकात एक लहानशी कांस्य बुद्धमूर्ती सापडली. ती उपखंडाच्या वायव्येकडील स्वात-काश्मीर परिसरात, वायकिंग काळाच्या आधी घडवलेली आहे. त्यावरून वायकिंग भारतात आले असे म्हणणे मात्र उतावीळपणाचे ठरेल; अशा वस्तू अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून पुढे सरकत. मूर्ती स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहे.